वायफाय आणि राहिलेलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. अगदीच नाही असं नाही. विहिरीपाशी उभं राहून फोन डोक्यावर धरला तर एखादी कांडी येते आणि शिंक आली की जाते. त्यामुळे मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरल्या, तेव्हा पलंगांच्याही आधी घरात आला तो वायफाय. पाहुणा एक वेळ सुरमई नसली तर बांगड्यावर भागवतो, पण "काकी, पासवर्ड काय?" हे चप्पल काढायच्या आधी विचारतो. एकदा पुण्याच्या एका बाईंनी तर मला नमस्कारसुद्धा पासवर्ड मिळाल्यावर केला.

खरं सांगायचं तर तो वायफाय मला हवा होता माझ्या मुलासाठी. माझा एकुलता एक झील जहाजावर आहे, मालवाहू जहाजाच्या इंजिनखात्यात. तिथे त्यांना नेट मिळतं ते मोजूनमापून, कधी सकाळी, कधी भलत्याच वेळी. मिळालं की तो मला व्हिडिओ कॉल लावतो. तेवढ्यात त्याचं तोंड बघायचं, गालफडं बसलीत का ते बघायचं, जेवलास का विचारायचं, की संपलं. तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढते. ह्यांचा फोन म्हणजे बटणांचं डबडं, त्यात चित्र दिसत नाही. त्यामुळे मुलगा काय तो माझ्या फोनात.

आणि नेमकी त्या फोनाला अवदसा आठवली.

कॉल यायचा. त्याचं तोंड दिसायचं. "आये" म्हणायचा आणि तोंड तसंच उघडं ठेवून थिजायचा. वरच्या कोपऱ्यातली वायफायची खूण गेलेली असायची. मी फोन हलवायची, झटकायची, शिव्या घालायची, तोवर खूण परत यायची, तो दोन शब्द बोलायचा, पुन्हा गप्प. एकदा तो काहीतरी हसून सांगत होता आणि मला ऐकू आलं ते फक्त "मगे तेना". पुढे काय झालं ते देवाक ठाऊक. मी मात्र सगळं ऐकल्यासारखी हसले, कारण समोरून तो बघत असेल तर त्याला वाईट वाटायला नको.

बाकीच्या दिवसांत मी हे सहन केलं असतं. पण हे सगळं सुरू व्हायच्या जरा आधीच त्याचा मेसेज आला होता. जहाज आता ज्या पाण्यातून जाणार, तिकडे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर बॉम्ब, क्षेपणास्त्रं, काय काय येऊन पडतं ते आम्ही टीव्हीवर बघतच होतो. आत शिरण्याआधी जहाज नांगरावर थांबणार, आणि एकदा निघालं की पार होईपर्यंत सगळ्यांचं नेट बंद. 'त्याच्या आधी एक कॉल करतंय, आये. सांजेचो. फोन जवळ ठेव.' एवढंच लिहिलं होतं. मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नका. त्या एका कॉलात मला माझ्या पोराला धड बघायचं होतं. पुढचं पुढे.

मेसेज मी ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी ऐकून घेतलं, टीव्ही बंद केला आणि "पंप बघून येतंय" म्हणून बाहेर पडले. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला काळीज दिलंय की वायसर?

वायसर का, ते सांगते.

आमचे हे आयुष्यभर कणकवली डेपोत ड्रायव्हर होते, लाल गाडीवर. बाकी गाड्यांत ड्रायव्हरच्या समोर कुठला ना कुठला देव असायचा, त्याला हार, उदबत्ती. ह्यांच्या गाडीत काही नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "गाडी ब्रेकार थांबता, देवार नाय." देवळात जत्रेला गेले तरी बाहेर चपलांपाशी उभे. घरात मात्र सासरे गेल्यावर गाऱ्हाणं घालायची पाळी ह्यांच्यावर आली, आणि ते काम हे शेवटचा स्टॉप घेतल्यासारखं उरकायचे.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. होडी पाण्यात लोटायची असो, लग्न ठरवायचं असो, की नवा मिक्सर सुरू करायचा असो, घरातला मोठा पुरुष नारळ ठेवतो आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं देवाला मोठ्याने सगळं सांगतो. कोण निघालाय, कुठे, कशासाठी, काय काय सांभाळायचं. त्याच्या दर वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मग जाणारा निर्धास्त आणि राहणारेही निर्धास्त.

मुलगा पहिल्यांदा जहाजावर निघाला त्या सकाळी मी पाटावर तांदूळ पसरले, नारळ ठेवला, वाडीतली माणसं जमली, आणि बघते तर हे नाहीत. पहिल्या गाडीने कणकवलीला निघून गेलेले. कशाला, तर पंपाचा वायसर, म्हणजे रबराची एक चकती, आणायला! पोराने जहाजावर जाणं ह्यांना पसंत नव्हतं. "दर्या दारात आसा, तो बघूक लांब कित्याक जाऊक व्हयो?" हे तेव्हा दिवसातून चारदा ऐकावं लागायचं. पण म्हणून अशा दिवशी वायसर? रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. शेजारच्या काकांना म्हटलं, तुम्ही घाला. तर ते मान हलवून म्हणाले, "बापूस जितो आसताना मी कसा घालू गो?" त्यांचंही बरोबर होतं. शेवटी पोराने नारळाला नुसता हात लावला आणि निघाला. मीच म्हटलं, जा रे बाबा, गाडी चुकेल.

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं नाही. भांडण म्हणावं तर एक शब्द झालेला नाही. कॉल आला की हे उठायचे आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन माडांना पाणी घालायचे. "बाबा खंय?" "माडाक पाणी घालतत." दर वेळी हेच. पंप बंद असतानासुद्धा हे पाइप धरून उभे असायचे, आणि मी ते मुलाला कधी सांगितलं नाही.

तर असा तो फोन आणि असा तो येणारा कॉल. मी कंबर कसली.

आधी बंद करून चालू केला. तेवढं मलाही कळतं. मग खोलीत कोल्हापूरचं एक जोडपं होतं, त्यातल्या मुलीने सांगितलं, "काकी, वायफाय विसरायला लावा आणि पुन्हा जोडा." विसरायला लावला. फोन विसरला. पासवर्ड तर मला कधीच पाठ नव्हता, पाहुण्यांनाही मी तो फडताळाच्या दाराच्या आत खडूने लिहिलेला वाचूनच सांगते, तसाच वाचला. पुन्हा जोडला. माजघरात राउटरला चिकटून उभी राहिले तर सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि लोट्यावर येऊन खुर्चीत बसले की झाला गायब. लोट्यावर म्हणजे बाहेरच्या ओटीवर, तिथेच मी कॉल घेते, तिथेच उजेड असतो. मग तिने नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग पुसून पहिल्यासारख्या केल्या. फोन अपडेट केला, त्यात अख्खी दुपार गेली. सगळं करून झाल्यावर ती आपल्या खोलीत जाऊन लोळत सिनेमा बघत बसली. मागच्या खोलीत! भिंतीपलीकडे! तिचा फोन एकदाही अडखळला नाही, आणि माझा फोन लोट्यापर्यंत यायला तयार नाही. मला त्या पोरीचा विनाकारण राग आला.

मग वायफायवाल्याला बोलावला. तो मोटारसायकलवरून आला, राउटरच्या शेजारी मांडी घालून बसला, स्वतःच्या फोनावर काय काय मोजलं, माझा फोनही हातात घेऊन बघितला, तिथेच बसून. "काकी, लाइन फस्क्लास आसा."

"मगे लोट्यार कित्याक जाता?"

"राउटर उंच ठेवा."

उंच ठेवला. फडताळावरून कपाटावर, कपाटावरून खुंटीवर. खुंटीवर टांगलेला राउटर सासऱ्यांच्या फोटोच्या बरोबर शेजारी आला. मी दोघांनाही हात जोडले. काही फरक नाही, उलट आता राउटरखालीही कांड्या ये-जा करायला लागल्या.

मग गेले कणकवलीला. तिथे स्टँडाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, गर्दी असते म्हणजे चांगलं असणार. दुकानदाराने माझं कव्हर काढून काउंटरवर टाकलं. पाकिटासारखं उघडणारं तपकिरी कव्हर आहे, मुलानेच आणून दिलेलं, म्हणून मी ते जिवापाड जपते. हल्ली ते नीट मिटत नव्हतं. जुनं झालं, फुगलं असेल, म्हणून मी त्याला रबर बांधला होता. त्याने फोन पुसला, आपल्या वायफायला जोडला, दुकानाच्या बाहेर रस्त्यापर्यंत नेऊन आणला, बॅटरी तपासली. मी बाकावर बसून बघत होते. फोन एकदाही सुटला नाही. असा शहाण्यासारखा वागत होता की मला त्याला तिथेच चार लगावाव्याशा वाटल्या.

"काकी, फोनाक कायएक झालेला नाय. तुमच्या घरात काय तरी आसा."

"घरात माझो घोव आसा," मी म्हटलं, "दुसरा काय नाय."

तो हसला, फोन कव्हरात घालून रबर लावून माझ्या हातात दिला. मी घरी आले, लोट्यावर बसले, फोन उघडला. गेला.

लाइन बरी, राउटर बरा, फोन बरा. सगळे बरे, मग बिघडलंय कोण? मीच? त्या संध्याकाळी मी रागाने भांडी अशी घासली की ह्यांनी दोनदा आत डोकावून बघितलं. त्यात स्वयंपाकघरातला चकचकीत कागदाचा रोल, पाहुण्यांच्या चपात्या बांधायला ठेवलेला, कोणीतरी वेडावाकडा फाडून ठेवलेला होता. त्याचाही राग मी पाहुण्यांवर काढला, म्हणजे मनातल्या मनात.

ह्यांचं मात्र मला नवल वाटत होतं. ज्या माणसाला त्या फोनशी काही घेणंदेणं नव्हतं तो अचानक काळजी करायला लागला. "दुसरो राउटर हाडूया काय?" "मी जावन वायफायवाल्याक घेवन येव?" आणि मी चिडून फोन आपटायला गेले की "गो, सांबाळून! कव्हर काढू नको तेचा, पडलो बिडलो तर?" मला वाटलं, म्हातारपणी माणूस बदलतो ते असं. थोडं बरंही वाटलं.

आणि कॉल आला तो दिवस उजाडला. कॉल त्या दिवशी येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं, रोज संध्याकाळी मी तशीच बसत होते. पाहुणे सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर गेलेले. ऊन माडांच्या बुंध्यांवर आलेलं. मी लोट्यावर, हे खळ्यात पाइप धरून. फोन वाजला आणि मी तो पहिल्याच रिंगला उचलला.

"आये."

दिसला. दाढी वाढलेली, डोळे थकलेले, पाठीमागे लोखंडी भिंत आणि कसलासा घरघराट. "आये, उद्या सकाळी" म्हणाला आणि थिजला.

मी माजघरात धावले. राउटरखाली उभी राहिले. आला. "आयकतंस मा? उद्या सकाळी आमी सुटतलो. मगे" पुन्हा गेला. कॉलच तुटला. मी लावला, लागेना. त्याने लावला, लागला, त्याचं अर्धं कपाळ दिसलं आणि गेलं. पुन्हा लागला. "आये, माका तू दिसणस नाय." आवाज आला आणि तोही गेला. त्याचं नेट संपत चाललं होतं, हे मला माहीत होतं. मी पुन्हा लोट्यावर आले आणि माझा बांध फुटला.

"शिरा पडली ह्या फोनार!" मी ओरडले. रबर तोडला, ते कव्हर ओरबाडून काढलं आणि सरळ खळ्यात ह्यांच्या अंगावर फेकलं. "घेवा! तुमचा बरा झाला! नको होता ना तुमका पोराचा जहाज? आता आवाज पण नको!"

कव्हर ह्यांच्या पायाशी पडलं. आणि माझ्या हातातल्या उघड्या फोनातून अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज आला.

"आये, आता दिसतंस. कोणाक गाळी घालतंस?"

मी फोनकडे बघितलं. सगळ्या कांड्या भरलेल्या. लोट्यावर! मुलगा हलत होता, बोलत होता, मान तिरकी करून हसत होता. मी श्वास घेतला आणि तेवढ्यात खळ्यात नजर गेली. हे खाली वाकले होते, कव्हरातून बाहेर पडलेलं काहीतरी घाईघाईने उचलत होते. काहीतरी चकचकीत.

"काय ता?"

"काय नाय."

"दाखवा."

हे आले. शाळेतल्या पोरासारखी मूठ पुढे केली. माझ्याच स्वयंपाकघरातला तो चकचकीत कागद, घडीवर घडी घालून काडेपेटीएवढा चपटा केलेला. त्याच्या आत साधा कागद, आणि त्यात अंगारा आणि एक सुकलेली पाकळी.

"देवळात गेललंय," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या मेसेजाच्या दुसऱ्या दिवशी. कौल लावलंय. देवान उजवो दिल्यान." म्हणजे देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजव्या बाजूने खाली पडली होती, आमच्याकडे त्याचा अर्थ होकार. "गुरवान अंगारो दिल्यान. झिलाच्या अंगाक लावक तर मेळणा नाय. तो दिसता ता तुज्या फोनात. म्हणान तेच्या पाठीक लावन ठेवलंय. खाऱ्या वाऱ्यान दमट होतलो, म्हणान ह्या कागदात बांधलंय."

लाल गाडीत देवाचा फोटो न लावणारा हा माणूस. मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला, सणसणीत. मग डोळे भरून आले, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी ओरडले, "ओ! देवाक सांगलात झिलाक सांबाळ, आणि झिलाचोच आवाज पत्र्यात बांधून ठेवलात!"

"आये? काय चल्लाहा थंय?" फोनातून मुलगा. "बाबा काय म्हणतत? कसलो अंगारो?"

मी फोन ह्यांच्याकडे वळवला. हे पळाले नाहीत. पाइप खळ्यात पडलेला होता, पळायला काही कारण उरलं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मला भीती वाटली की पुन्हा थिजला की काय. पण मागचा घरघराट चालू होता. तो थिजला नव्हता, गप्प होता.

"बाबा," तो म्हणाला, "त्या दिवसाचा गाऱ्हाना ऱ्हवलाहा. आता घाला."

"नारळ..." हे म्हणाले.

नारळाला काय तोटा! मी फोन ह्यांच्या हातात कोंबला, आत धावले, तांदूळ सांडत, नारळ घेऊन आले, लोट्यावरच पाट टाकला. ह्यांनी अंगाऱ्याचं बोट नारळाला लावलं, टोपी सरळ केली. पहिलं वाक्य निघेचना.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी लगेच म्हटलं, ढकलायला.

"ह्यो माझो झील परक्या पाण्यात आसा. घरातसून भायर पडताना तुका सांगूक व्हया होता, ता सांगूचा ऱ्हवला. तेची चूक नाय. बापाशीची चूक आसा. ती तेच्या माथ्यार घालू नको."

मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग फोनातून आलं, जाड आवाजात. "व्हय म्हाराजा."

त्यानंतर हे थांबले नाहीत. शेवटचा स्टॉप घेतल्यासारखं नाही, सावकाश, एकेक वळण बघत. "उद्या तेंचा जहाज ज्या वाटेन जातला, त्या वाटेर जा काय वायट-वांगाळ आसात, ता वाटेच्या भायर काढ. जहाजावरचे सगळे, खंयच्याय गावचे, खंयच्याय धर्माचे आसांदेत, तेंका एकाच हातान सांबाळ. इतकी वर्सा माझी गाडी घाटातसून भरल्या पाशिंजरांनी सुखरूप खाली हाडलंस, तसा तेंचा जहाज हाड."

म्हणजे ब्रेकाने नव्हती येत तर! पण हे मी तेव्हा बोलले नाही. कारण फोनातून जे "व्हय म्हाराजा!" आलं ते एका माणसाचं नव्हतं. चारपाच आवाज होते, कोणी बिहारकडचा असेल, कोणी त्याहून लांबचा, एकाने तर "हाय मराजा" असं काहीतरी म्हटलं, आणि सगळे हसले. मुलगा मागे वळून त्यांना काहीतरी सांगत होता.

"आये, हे विचारतत कोण बोलता म्हणान. मी सांगलंय, माझो बापूस."

मग तिकडे कुठेतरी घंटा वाजली. "चल, आये. बाबा, येतंय." हात हलवला आणि चित्र गेलं. वायफायची खूण जागच्या जागी होती. कितीतरी दिवसांनी तो कॉल तुटला नव्हता, संपला होता.

पाहुणे किनाऱ्यावरून परत आले तेव्हा आम्ही दोघं लोट्यावर नारळ समोर ठेवून बसलेलो. त्यांनी विचारलं, काही पूजा आहे का? मी म्हटलं, फोन दुरुस्त झाला.

मग प्रश्न उरला अंगाऱ्याचा. देवाची वस्तू टाकून तर देता येत नाही. हे पुडी घेऊन घरभर फिरले आणि शेवटी खुंटीवरच्या राउटरकडे हात नेला. "खबरदार!" मी म्हटलं. चकचकीत कागद काढून टाकला, अंगारा मुलाच्या फोटोच्या चौकटीला आणि दाराच्या चौकटीला लावला, उरला तो ह्यांच्या आणि माझ्या कपाळाला. कव्हर फडताळात ठेवून दिलं. फोन तसाच उघडा वापरायला लागले, पडला तर पडला.

पुढचे दिवस नेट नाही, कॉल नाही, काही नाही. काळजी होती, नाही कशी असणार? टीव्हीवर त्या पाण्याचं नाव आलं की माझा हात घासाशी थांबायचा. पण आधीची ती तडफड नव्हती. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ऐकणाऱ्याने ऐकलं होतं. मला रात्री झोप लागायची. ह्यांनाही लागत असावी, कारण घोरणं सुरू झालं होतं. वाटेत येता-जाता हे फोनावर नजर टाकायचे, खूण आहे ना बघायचे आणि मला सांगायचे, "आसा, आसा." जणू मीच विचारलं होतं.

अशाच एका दुपारी मी मागच्या दारी मोरीवर बांगडे साफ करत होते. दोन्ही हात खवल्यांनी भरलेले. लोट्यावर फोन वाजला.

"ओ! फोन!" मी ओरडले. "मी येतंय, थांबा!"

एरवी हे ऐकून हे खळ्यात निघाले असते. आज पावलं वाजली ती लोट्याकडे. फोन वाजायचा थांबला, म्हणजे उचलला. मी तशीच ओले हात पुढे धरून धावले आणि माजघराच्या उंबऱ्यावर थांबले, कारण मुलाचा आवाज स्वच्छ येत होता, एकही शब्द न तुटता. दमलेला, पण हसरा.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणत होता, "आमी सगळे भायर इलो. जहाज बरा आसा, माणसा बरी आसत. बापाशीन सांगलेला, ता तू आयकलंस."

हे फोन दोन्ही हातांत धरून उभे होते. टोपी नव्हती डोक्यावर, सरळ करायला हात गेला आणि नुसताच केसांवरून फिरला. मग खळ्यातल्या माडांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आणि मागून, मासळीच्या हातांनी, मीही.